मामा, बॅटरी आणि अकरा तारीख

निघायच्या आधी

गुहागरजवळच्या गावी मामांचं घर आहे. मातीच्या भिंती, वर कौलं. पावसाच्या तोंडावर कौलं परतून घ्यायला ते दरवर्षी जातात. यंदा गडी मिळता मिळेनात, मिळाले ते थेट दहा जूनला. मामींनी फर्मान काढलं, "ह्या वयात एकट्याने गाडी मारत जायचं नाही." माझं काम काय, लॅपटॉपवरच चालतं, तेव्हा मला सोबतीला धाडण्यात आलं.

लॅपटॉपवर चालतं हे खरं. पण मी अकरा छोट्या दुकानदारांचे हिशेब बघतो, आणि त्यांची जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत भरावी लागते. "मामा, गावी लाईट असते ना?" असं विचारल्यावर मामा म्हणाले, "असते की. येऊन जाऊन."

म्हणून मी पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन गाडीत लावायचा २०० वॉटचा इन्व्हर्टर आणला. एका बाजूने सिगारेट लायटरच्या खोबणीत घालायचा, दुसऱ्या बाजूला घरातल्यासारखं सॉकेट. गणितही करून ठेवलं होतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवर. गुणाकार ४२० वॉट-अवर. माझ्या लॅपटॉपची बॅटरी ४५ वॉट-अवरची. म्हणजे उभ्या गाडीवर नऊ वेळा लॅपटॉप चार्ज!

मामांची चौतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यातली बहुतेक बॅटरी सेक्शनला. त्यांच्या जुन्या पँटींना अजूनही ॲसिडची भोकं आहेत. त्यांनी माझं गणित ऐकून घेतलं, इन्व्हर्टरचं खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचा बॅटरी उतरल्याचा अलार्म किती व्होल्टला वाजतो?"

खोक्यावर १०.५ लिहिलं होतं. तसं सांगितलं.

"हं," मामा म्हणाले.

त्या 'हं'चा अर्थ मला प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कळला.

७ जून : पुणे ते दिवेआगर

सकाळी सहाला निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी. घाटात ढग खाली उतरले होते, पण धबधबे अजून सुटले नव्हते, नुसते काळे ओले कडे. मामा चालवत होते आणि मी शेजारी बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन विक्रीच्या नोंदी करत होतो. इन्व्हर्टर छान चालला. त्याचा छोटा पंखा मात्र डासासारखा कानाशी गुणगुणत होता, आणि चार्जरमधून एक बारीक गूं-गूं यायची, जी घरी कधी येत नाही. मामांच्या मते स्वस्त इन्व्हर्टरची वीज घरातल्यासारखी गोल लाटेची नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते. लॅपटॉपच्या चार्जरला ती चालते, पंख्याची किंवा पाण्याच्या पंपाची मोटर मात्र त्यावर तापते.

मग मीच विचारात पडलो. १२ व्होल्टचे आपण २३० करतो, आणि ते २३० लॅपटॉपचा चार्जर पुन्हा १९ वर आणतो. दोन्ही ठिकाणी थोडं थोडं उष्णतेत जातं. माझ्या पायाशी दोन डबे तापले होते, ते त्याचमुळे.

"मुंबईहून पुण्याला यायला नागपूरमार्गे," मामा म्हणाले.

निजामपूरच्या अलीकडे मागचं चाक बसल्यासारखं वाटलं. पंक्चर नव्हतं, हवा कमी होती. मी गाडीवर चालणारा हवेचा पंप काढला. लायटरची खोबण एकच, म्हणून तिला दोन फाटे फोडणारं जे यंत्र मिळतं तेही आणलं होतं. एकीकडे इन्व्हर्टर, दुसरीकडे पंप. इंजिन चालू. पंप घरघरला, काटा २२ वरून २६ वर आला, आणि सगळं शांत. पंप बंद, इन्व्हर्टर बंद, फोनचं चार्जिंग बंद.

"पंपाचे बारा, तुझ्या इन्व्हर्टरचे सात, वर तो फोन," मामांनी बसल्या जागी बेरीज केली. "वीस अँपिअर. आणि फ्यूज कितीचा?"

स्टिअरिंगच्या खाली फ्यूजचा डबा असतो. त्यातला निळा, १५चा, फ्यूज गेला होता. झाकणाच्या आत जादा फ्यूज होते. त्यातला पिवळा, वीसचा, मी उचलला. आता उडणार नाही, असा माझा हिशेब.

मामांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. एस.टी.त एकाने असंच केलं होतं म्हणे. फ्यूज उडेना तेव्हा त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. फ्यूज वाचला आणि डॅशबोर्डच्या मागची वायरिंग जळाली. "फ्यूज तुझ्या यंत्रासाठी नसतो. वायरसाठी असतो. वायर पंधराची आहे, तर फ्यूज पंधराचा." निळ्याच्या जागी निळा बसला. इन्व्हर्टर काढून आधी हवा भरली, मग पंप काढून इन्व्हर्टर लावला. एका खोबणीत एका वेळी एकच पाहुणा, असं ठरलं.

माणगाव, म्हसळा आणि तीनच्या सुमारास दिवेआगर. ज्यांच्याकडे उतरलो ते सुपारीचे बागाईतदार. त्यांच्या वाडीत उंच माड-पोफळींच्या मधे मधे कमरेएवढी पोफळीची रोपं दिसली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी वाडी आडवी झाली होती, ही त्यानंतरची लावण. तेव्हा कित्येक आठवडे लाईट नव्हती. गावात एकाची जीप होती. तो संध्याकाळी तासभर इंजिन चालू ठेवायचा आणि सगळी आळी फोन घेऊन त्याच्या भोवती. "डिझेल आम्ही वर्गणीने भरायचो," ते म्हणाले.

संध्याकाळी मामांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात मल्टीमीटर, चिमटे, इन्सुलेशन टेप, वायरीत बसवायचा फ्यूज-होल्डर. इन्व्हर्टरबरोबर थेट बॅटरीला लावायची चिमट्यांची वायर आली होती. तिच्या लाल तारेत, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर, त्यांनी वीसचा फ्यूज बसवला. वाटेत कुठे पत्र्याला घासून वायर सोलली तर आग लागायच्या आत तो उडावा म्हणून, आणि म्हणूनच तो बॅटरीच्या जवळ हवा, इन्व्हर्टरच्या जवळ नव्हे. ही वायर चांगली जाड होती, लायटरच्या वायरीसारखी नव्हे, म्हणून इथे वीस चालले.

मला मात्र त्यातून एवढंच समजलं की आता किल्ली न फिरवताही बॅटरीतून वीज घेता येईल. पुढचं सगळं रामायण त्या समजुतीतून.

८ जून : बागमांडला

सकाळी शेखाडीच्या किनाऱ्याने श्रीवर्धनला आलो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खवळलेला समुद्र, मधे एक चिंचोळा रस्ता. हरिहरेश्वरला दर्शन घेतलं. प्रदक्षिणेची वाट भरतीमुळे बंद होती. अकराला बागमांडल्याच्या जेटीवर पोचलो. इथून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. गाडी बोटीत घालून दहा-पंधरा मिनिटांत पार.

पण वारा सुटला होता आणि बोट थांबवली होती. रांगेत आम्ही तिसरे. मामा चहाच्या टपरीवर गेले आणि तिथे त्यांना एस.टी.चाच एक निवृत्त वाहक भेटला. आता हे लवकर परत येत नाहीत, हे मी ओळखलं. कामाला बसलो. लॅपटॉप १८ टक्क्यांवर होता, तो इन्व्हर्टरला लावला. उकडत होतं. इंजिन बंद असलं की एसी नुसता वारा फेकतो, पण तेवढा तरी वारा असावा म्हणून ब्लोअर तिसऱ्यावर ठेवला. गाणीही लावली. इंजिन बंदच होतं. फुकट पेट्रोल कशाला जाळा?

दीड तास झाला. एक टिटवी की काय कुठेतरी टीं-टीं करत होती. मी काच वर केली. टिटवी गाडीतच होती. इन्व्हर्टरचा अलार्म! मी चटकन पिन काढली, ब्लोअर बंद केला, गाणी बंद केली. वेळेत लक्षात आलं म्हणून स्वतःवर जरा खूशही झालो.

वारा पडला. बोट आली, फळी खाली पडली, शिट्टी वाजली. पहिली गाडी चढली, दुसरी चढली. मामा धावत येऊन बसले आणि त्यांनी सेल्फ मारला.

कट्.

पुन्हा मारला. कट् कट् कट्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझत गेले.

मागून हॉर्न. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पायाशी पडलेल्या इन्व्हर्टरकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बोटीच्या पोरांनी आणि मागच्या मोटारीतल्या दोघांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. धक्का स्टार्टचा प्रयत्न झाला, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून. पण जागा वीस पावलांची आणि तीही चढाची. बोट आमच्याशिवाय गेली.

पुढच्या खेपेसाठी चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "काका, केबल आहे माझ्याकडे. लावा माझ्या बॅटरीवरून."

मी लगेच बॉनेट उघडायला निघालो. मामांनी हात धरला. "ट्रक चोवीस व्होल्टवर चालतो. आपली बारा. सरळ लावलंस तर तुझा लॅपटॉप राहिला बाजूला, गाडीचं सगळं इलेक्ट्रॉनिक जळेल."

मग त्यांनी जे केलं ते बघायला चहाची अख्खी टपरी गोळा झाली. ट्रकच्या पेटीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, तेव्हा चोवीस होतात. एस.टी.लाही तसंच. मामांनी मल्टीमीटर लावून, ज्या बॅटरीचं काळं टोक ट्रकच्या सांगाड्याला जोडलेलं आहे ती शोधली. त्या एकट्या बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६. "हीच पाहिजे. दुसरीला हात लावायचा नाही." ट्रकचं इंजिन बंद ठेवायला सांगितलं. दोन्ही गाड्यांचा पत्रा एकमेकांना टेकत नाही ना, हे पाहिलं. मग लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या लाल टोकाला, तिचं दुसरं टोक त्या बॅटरीच्या लालला. काळी त्या बॅटरीच्या काळ्याला, आणि तिचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला नाहीच. ते इंजिनच्या एका उघड्या लोखंडी बोल्टला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, म्हणून. वर्कशॉपमध्ये एक बॅटरी फुटलेली त्यांनी पाहिलेली आहे, त्याची हकिकत त्यांनी तिथेच सांगितली. मी दोन पावलं मागे सरलो.

पाच मिनिटं थांबून सेल्फ मारला, आणि पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. टपरीवाल्याने टाळी वाजवली. ट्रक ड्रायव्हर पैसे घेईना. शेवटी आमच्याजवळची दिवेआगरच्या पोह्याच्या पापडांची दोन पाकिटं त्याच्या केबिनमध्ये ठेवली.

पण बोटीवर इंजिन बंद करावं लागतं, आणि पलीकडे पुन्हा 'कट्' झालं तर? म्हणून आम्ही आलो त्या वाटेने उलट हरिहरेश्वरापर्यंत आणि परत, असं उगाच फिरून आलो. ब्लोअर बंद, गाणी बंद. मी बंद. त्या फेरीत मामांनी माझा गुणाकार तपासायला घेतला.

गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, हे नवी असताना. ही तीन वर्षांची आहे, पंचवीस धर. तुझा लॅपटॉप ६५ वॉट, पण इन्व्हर्टर आणि चार्जर यांचं खाणं धरून बॅटरीतून सात अँपिअर. ब्लोअर सात-आठ. गाणी एक. दीड तासात तेवीस-चोवीस गेले. शिल्लक काय राहिली?

"पण अलार्म वाजला तेव्हा मी लगेच बंद केलं," मी म्हणालो.

"साडेदहाला! दहाव्याला डॉक्टर बोलावल्यासारखं झालं ते." विसावलेली बॅटरी १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ म्हणजे रिकामी. साडेदहाला वाजणारा अलार्म इन्व्हर्टरला वाचवतो, तुझ्या सेल्फला नाही. शिवाय गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. सेल्फला दीड-दोनशे अँपिअर लागतात, पण दोन-तीन सेकंदच. त्यासाठी तिला घडवलेलं असतं. एक मोठा घोट द्यायचा, की लगेच इंजिनने तो भरून काढायचा. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, ती तासन्‌तास हळूहळू देत बसते. गाडीच्या बॅटरीला असं दोन-चारदा तळापर्यंत नेलं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती कायमची आखडते.

"बॅटरी म्हणजे विहीर समजलास तू. ती रांजण आहे. विहीर इंजिनकडे, डायनॅमोत." मामा अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, डायनॅमोच म्हणतात. "गाडी पळत असते तेव्हा पन्नास-साठ अँपिअर येतात त्यातून. तुझे सात कुठे गेले ते कळतही नाही. तेव्हा हवा तेवढा लॅपटॉप चालव. चाक थांबलं की वायर काढ."

बोटीत गाडी बंद केली. सावित्रीचं पाणी गढूळ झालं होतं, मुखाशी बाणकोटचा किल्ला पावसाच्या पडद्याआड गेला होता. वेश्वीची फळी पडली आणि मामांनी सेल्फ मारला तोवरची दहा मिनिटं मी त्या किल्ल्याकडे बघून मनात काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही. इंजिन लागलं.

मुक्काम केळशीला. वाळूची प्रसिद्ध टेकडी बघायची राहून गेली, पाऊस होता.

९ जून : दापोली, दाभोळ

सकाळी सहाला मामा बॉनेट उघडून उभे. १२.४. "वाचली," म्हणाले. टोपणं उघडून प्रत्येक खणात पाणी पाहिलं, दोन खणांत डिस्टिल वॉटर घातलं. मी इन्व्हर्टर डिकीत टाकला आणि लॅपटॉप काय ते घरगुती वीज मिळेल तिथे लावू, असं ठरवून टाकलं.

आंजर्ल्याच्या पुलावरून हर्णै. एक जूनपासून मासेमारी बंद असल्याने बंदरात शांतता होती, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या, त्यांच्यावर निळी प्लास्टिकं. समोर सुवर्णदुर्ग. एरवी इथे संध्याकाळच्या लिलावाला काय गलका असतो! आज एक कुत्रं आणि आम्ही.

दापोलीत मामांना टर्मिनलला लावायचं ग्रीस हवं होतं आणि मला फोनची केबल. कृषी विद्यापीठामुळे गावात विद्यार्थी पुष्कळ, म्हणून मोबाइलची दुकानंही पुष्कळ. दुकानातल्या विशीतल्या पोराने माझा लॅपटॉप बघितला, कडेचं एक छिद्र बोटाने दाखवलं आणि म्हणाला, "दादा, हा टाइप-सीवरपण चार्ज होतो की."

मी तीन वर्षं तो लॅपटॉप वापरतोय. गोल पिनचा चार्जर त्याच्याबरोबर आला, तोच वापरला. त्या छिद्रात मी आजवर फक्त पेनड्राइव्ह घातला होता. पोराने शेजारची विजेची बारीक खूण दाखवली. तशी खूण असेल तर बहुधा चालतंच, नसली तरी कधी कधी चालतं, म्हणाला. लायटरच्या खोबणीत बसणारा अंगठ्याएवढा ६५ वॉटचा चार्जर त्याने काढला. हा २३० व्होल्टच्या वाटेला जातच नाही. बाराचे सरळ वीस करतो. आधी लॅपटॉपशी बोलतो, तुला काय हवं, पाच, नऊ, पंधरा की वीस? आणि तो मागेल ते देतो.

गाडीत लावला. स्क्रीनवर सूचना आली की चार्जर कमी ताकदीचा आहे. मामा हसले. पोरगा मात्र गडबडला नाही. "केबल कोणती लावली? फोनची ना? ती तीन अँपिअरची." वीस व्होल्ट गुणिले तीन म्हणजे साठ वॉट, त्याच्या वर ती केबल जाऊ देत नाही. ६५ वॉटला सव्वातीन अँपिअर लागतात. मग पाच अँपिअरची केबल लागते, तिच्या टोकात एक बारीक चिप असते आणि 'मी जाड आहे' असं ती चार्जरला सांगते. एवढ्याशा पाव अँपिअरसाठी! पण ती केबल लावली आणि सूचना गेली. (साठ वॉटवरही लॅपटॉप चार्ज झाला असता, फक्त जरा हळू. हे मला नंतर कळलं, केबलचे पैसे दिल्यावर.)

मामा तोवर मल्टीमीटर घेऊन आले होते. रस्त्याच्या कडेला, पोराच्या दुकानासमोर, त्यांनी दोन्ही तऱ्हा मोजल्या. तोच लॅपटॉप इन्व्हर्टरवर सात अँपिअर ओढत होता, ह्या अंगठ्यावर पावणेसहा. पंखा नाही, गूं-गूं नाही. मामांनी चार्जर हातात धरून पाहिला. "नागपूर वगळलं ह्याने," म्हणाले. त्यांच्याकडून ही फार मोठी शाबासकी समजायची.

एक सूचना त्यांनी तरी दिलीच. सेल्फ मारायच्या आधी हा काढायचा आणि इंजिन लागल्यावर लावायचा. सेल्फ मारताना व्होल्टेज नऊ-दहावर कोसळतं आणि लगेच चौदावर उडी मारतं. त्या हिसक्यात महागाचं काही जोडलेलं नसावं.

दाभोळपर्यंत तासाभरात लॅपटॉप चाळीसवरून नव्वदवर गेला.

दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीच्या खाडीवरची बोट. धोपाव्याला उतरलं की अंजनवेलच्या बाजूला ती चिमणी आणि टाक्या दिसतात. एन्रॉनचा वीजप्रकल्प! माझ्या पिढीला तो शब्द ऐकूनच माहीत. मामांच्या पिढीने त्यावर घराघरात भांडणं केलेली. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर अशी नवी सरकारी कंपनी काढून तो पुन्हा उभा केला. आज कागदावर १,९६७ मेगावॉट, पण गॅस मिळेल तसा चालणार. मामांना त्या चिमणीकडे बघून दरवेळी तेच आठवतं. त्यांचे वडील म्हणायचे, आता आपल्याकडे लाईट जायची नाही.

घरी पोचलो तेव्हा सातचा सुमार. अंगणात शेजारच्या काकू कंदील घेऊन उभ्या होत्या. "काल रात्रीपासून नाय हो. फणस पडलाय तारांवर."

१० जून

गडी सकाळी आले आणि पाऊसही आला. निम्मी कौलं उतरवलेली, निम्म्या घरावर ताडपत्री, ओटीवर भांडी मांडलेली आणि मामा खालून वर ओरडतायत. माझं त्यात काही काम नव्हतं, म्हणजे होतं, पण मी कौल धरलं की ते फुटतं हे दोनदा सिद्ध झालं.

म्हणून मी कामाला बसलो आणि मग लक्षात आलं की लॅपटॉप नव्वद टक्के, पण फोनला एकही कांडी नाही. टॉवरची बॅटरी काल रात्रीपर्यंत चालली, मग बसली. वीज नसली की टॉवरही बॅटरीवरच जगतो, आणि आमच्यासारखा त्याचाही रांजण आटतो. पुण्यापासून मी विजेची एवढी तयारी करत आलो, आणि टॉवरलाही वीजच लागते हे डोक्यात आलं नव्हतं.

नोंदी ऑफलाइन सगळ्या केल्या. अकरा फायली तयार. बाहेर धो-धो. लॅपटॉप जपून वापरायचा म्हणून स्क्रीन मंद केला, ब्लूटूथ बंद, वायफाय बंद. तेवढ्यावर दुपारच्या चार तासांत पन्नास टक्केच गेले.

संध्याकाळी मी गाडीत बसून इंजिन चालू करायला निघालो, गाडी पडवीच्या छपराखाली होती. मामा शिडीवरून खाली उतरून आले. "आधी बाहेर काढ. धुरातला विषारी वायू घरात भरेल, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जाईल." गाडी आंब्याखाली घेतली. नुसत्या उभ्या इंजिनवर डायनॅमो कमी देतो, पण साठ वॉटला ते भरपूर झालं. मीटर १३.९ दाखवत होता. पाऊण तासात लॅपटॉप भरत आला, पेट्रोलचा काटा हललेला दिसला नाही. मामांचा अंदाज, अर्धा-पाऊण लिटर गेलं असेल.

११ जून

पहाटे उघडीप होती. टॉवर मेलेलाच. शेजारच्या काकूंचा नातू म्हणाला, देवळाच्या वरच्या सड्यावर पलीकडच्या टॉवरची रेंज येते, सगळे तिथेच जातात. गाडी सड्यावर नेली. जांभ्याचा काळा सपाट कातळ, त्यावर हिरवं शेवाळ यायला लागलेलं, लांब समुद्र. तिथे आधीच दोन मोटारसायकली आणि एक रिक्षा उभी. सगळे हात वर करून फोन धरलेले.

दोन कांड्या मिळाल्या. फोनवरून इंटरनेट लॅपटॉपला दिलं, आणि इंजिन चालू ठेवून चार्जर लावला, कारण पोर्टल किती वेळ घेईल याचा भरवसा नव्हता. एक-एक फाइल चढवायची, मग सही म्हणून ओटीपी. ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जातो, तो पुण्यात बसलेला. मी फोन करून विचारायचा, तो चष्मा शोधणार. चौथ्या फाइलपर्यंत साडेनऊ. सातवीला रेंज गेली, परत यायला वीस मिनिटं लागली. मामांना गड्यांपाशी थांबायचं होतं, म्हणून ते आले नव्हते, पण दहाला नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेच. हातात डबा आणि मल्टीमीटर.

अकरावी फाइल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गेली. मी सीट मागे टाकली.

तोवर गाडीभोवती माणसं जमली होती. ज्यांचे फोन मेले होते त्यांनी रिक्षावाल्याकडून ऐकलं होतं की गाडीत चार्जिंग मिळतंय. मी डिकीतून इन्व्हर्टर काढला आणि नातवाने घरून एक्सटेन्शन बोर्ड आणला. मामांनी बेरीज केली, एका फोनला दहा-पंधरा वॉट, सहा फोनांना नव्वदच्या आत, इन्व्हर्टर दोनशेचा, थेट बॅटरीवर चिमटे, इंजिन चालू. "लाव. पण सहाच. सातवा आला की पहिला काढ." मग ते स्वतःच बोर्डापाशी स्टूल घेऊन बसले, वर्कशॉपमध्ये बसत असतील तसेच. कुणी दोन फोन लावू पाहिले की म्हणायचे, "एक माणूस, एक पिन." एका म्हातारबुवांनी कानाच्या यंत्राची डबी आणली होती. तिला रांगेत पुढे घेतलं.

तीनच्या सुमारास एक बाई नव्वद रुपये घेऊन आल्या. पेट्रोलची वर्गणी म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून काढली. मामांनी घेतली. मी बघत राहिलो, तसे म्हणाले, "न घेतली तर उद्या येणार नाहीत ते."

घरी आलो तेव्हा कौलं बसली होती आणि ओटीवरचा बल्ब लागलेला होता. कधी आली, कुणालाच माहीत नव्हतं. इन्व्हर्टर मामांनी ठेवून घेतला. परतताना मी बघितलं, त्यावरचं १०.५ त्यांनी पेनाने खोडलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : १२.२ ला बंद.